दोन मिळव

आप्पा,

आज गुरुवार, कंपनीला सुट्टी. सकाळपासून तीनदा खाली पार्किंगमध्ये गेले आणि तीनदा वर आले. लेथ चालू केला, बंद केला. पुसलेला लेथ परत पुसला. शेवटी आई जिन्याच्या तोंडाशी येऊन म्हणाली, "एक तर खाली बस, न्हाईतर वर बस. जिना नको झिजवू माझा." म्हणून ही वही घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. पत्रं वाचणाऱ्यांतले तुम्ही नव्हताच, तुम्ही ड्रॉइंग वाचायचात. मामाच्या लग्नाची पत्रिकासुद्धा हातात धरून आधी कडा सरळ कापल्यात का ते बघितलं होतंत. तरी लिहिते, कारण हे तोंडानं बोलायची वेळ होती तेव्हा मी बोलले नाही, आणि आता ते मला एका जागी बसू देत नाही.

सुरुवात मायक्रोमीटरपासून करायला हवी. आपण दापोडीला रुळांकडच्या गल्लीत राहायचो तेव्हाची गोष्ट. मी दुसरीत असेन. तुमची लाकडी पेटी खिडकीच्या वरच्या फळीवर असायची आणि तिला हात लावायचा नाही हे मला चालायला लागल्यापासून माहीत होतं. तुम्ही सेकंड शिफ्टला गेला होता, आई नळावर होती. मी डब्यावर डबा ठेवून पेटी काढली आणि मायक्रोमीटरच्या, त्या जाडी मोजायच्या हत्याराच्या, जबड्यात एकेक बोट धरून मोजत बसले. करंगळीपाशी आले आणि तो हातातून सुटला. खाली फरशी. आवाज फार झाला नाही, पण मला अजून तो ऐकू येतो. आईनं तुम्ही आल्या आल्या सांगून टाकलं, कारण ती कधीच काही पोटात ठेवू शकायची नाही, निदान तेव्हा तरी. तुम्ही हातपाय धुतले, दिव्याखाली बसलात, मायक्रोमीटर मिटलात, उघडलात, परत मिटलात. मग म्हणालात, "दोन." मला वाटलं, दोन फटके. मी हात पुढे केला. तुम्ही हसलात आणि मला मांडीवर घेऊन दाखवलंत: मिटल्यावर आकडा शून्यावर यायला हवा तो शून्याच्या दोन रेघा मागं जातोय. वाकलाय थोडा. म्हणजे आता जे काही मोजू ते दोन थाऊ कमी सांगणार. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हे मला पाढ्यांच्या आधी कळलं. "पण रोज तेवढंच कमी सांगतोय ना, मग तो खोटारडा न्हाई," तुम्ही म्हणालात. "आपण दोन मिळवायचे, बास."

तुम्ही कंपनीच्या टूलरूमचे, हत्यारं बनवणारे माणूस. तो शून्यावर आणायला तुम्हाला एक मिनिटसुद्धा लागलं नसतं. पेटीतच ती आकड्यासारखी बारकी चावी होती, बाहेरची नळी अर्धा केस फिरवायची, काम झालं. तुम्ही कधीच फिरवली नाही. का नाही, हे मी विचारलं नाही. मला वाटायचं, माझी चूक तुम्ही अशी जपून ठेवली आहे. लहानपणी याचं कौतुक वाटायचं आणि मोठेपणी ते टोचायला लागलं.

आणि घरात तो शब्दच होऊन बसला. आई म्हणायची, पाच मिनिटांत जेवायला वाढते; तुम्ही मला डोळा मारून म्हणायचात, दोन मिळव. मामा म्हणायचा, फक्त एक दिवस राहणार, दोन मिळव. मी डिप्लोमाला हॉस्टेलवर होते तेव्हा फोनवर म्हटलं होतं, मी बरी आहे, काही नाही, थोडा ताप आहे. तुम्ही पलीकडून एवढंच म्हणालात, "दोन मिळवले," आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीतून उतरून हॉस्टेलच्या दारात उभे, हातात आईनं दिलेला भाताचा डबा. मला एकशे तीन ताप होता. तुम्हाला माझ्याबद्दल कधीच चुकीचं माप मिळालं नाही, आप्पा. एकदा सोडून.

रिटायर झालात, चिखलीचं हे घर झालं. लोक रिटायर झाल्यावर सकाळी बागेत चालायला जातात, हास्यक्लबात हसतात. तुम्ही एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधला जुना लेथ टेम्पोत घालून आणलात आणि पार्किंगमध्ये बसवलात. तेव्हापासून गाडी उन्हात आणि मशीन सावलीत. आई कुरकुरली, मग तिनंच त्याच्यासाठी जुन्या चादरीचं पांघरूण शिवलं. तुम्ही काय काय बनवलंत! टूल धरायचा ठोकळा बनवलात, मग तो पटकन बदलता यावा म्हणून दुसरा बनवलात. वस्तू पकडायचा छोटा व्हाइस. विहाराच्या फाटकाची बिजागरी, तीही अशी की फाटक एका बोटानं उघडतं. आई एकदा वैतागून म्हणाली, "ह्या हत्यारांनी बनवता तरी काय वो तुम्ही?" तुम्ही फार शांतपणे म्हणालात, "हत्यारं." मी हसून हसून पाणी सांडलं होतं.

मी तोवर चाकणला लागले होते, मोजणाऱ्या खोलीत. काचेची खोली, आत बारा महिने वीस डिग्री, बाहेरचे बूट आत चालत नाहीत. तुमच्या दोन थाऊंना आमच्याकडं पन्नास मायक्रॉन म्हणतात आणि पन्नास मायक्रॉन चुकलेली वस्तू आम्ही लाल पेटीत टाकतो. मी फुशारकीनं घरी सांगायचे. एकदा जेवताना तुमच्या कुठल्याशा मापावर म्हटलं, आप्पा, हे अंदाजपंचे झालं, आमचं मशीन याच्या शंभरपट खरं सांगतं. तुम्ही घास खाली ठेवलात. "मशीन जे सांगतं ते तू वाचतीस. वाचणं म्हंजी मोजणं न्हवं," म्हणालात, आणि उठून हात धुतलात. तुम्ही माझ्यावर आवाज चढवला नव्हता, पण ताटात भाकरी अर्धी होती. ती अर्धी भाकरी मला फार लागली. मला दाखवून द्यायचं होतं तुम्हाला, हे आधी कबूल करते.

त्या वर्षी तुम्ही डिव्हायडिंग हेड करायला घेतलं होतं. गोल तुकड्याचे अगदी सारखे भाग पाडायचं हत्यार. ते असलं की घरच्या घरी गिअर कापता येतो. भंगारवाल्या चाचांकडून जुन्या ट्रकच्या अ‍ॅक्सलचा तुकडा आणला होता. चाचा म्हणजे तुमचे एकुलते एक मित्र, त्यांच्या चिखलीतल्या भंगाराच्या ढिगात तुम्ही तासन्‌तास दागिन्यांच्या दुकानात बसावं तसे बसायचात. त्या तुकड्यातून शाफ्ट, म्हणजे दांडा, काढायचा, आणि तो पितळी बुशात, म्हणजे नळीत, असा बसवायचा की तेल लावलं तर सरकेल आणि कोरडा असेल तर अडकेल. आठ महिने चाललं होतं. बुश झाला होता. शाफ्टाच्या एका टोकाचे खाचे, आटे, सगळं झालं होतं. फक्त बुशात बसणारा भाग शेवटचा हात मारून मापाला आणायचा राहिला होता. रविवारी करतो म्हणाला होतात.

मंगळवारी मी तुमचा मायक्रोमीटर डब्याच्या पिशवीत घालून चाकणला नेला. काचेच्या खोलीत त्याला साफ केलं, चावीनं शून्यावर आणलं, आमच्या मापाच्या ठोकळ्यांवर पाच ठिकाणी तपासलं. कुठंच चूक नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी फरशीवर पाडला होता तो मी माझ्या हातानं नीट केला होता, माझे डोळे भरून आले होते आप्पा, खोटं नाही सांगत. बुधवारी संध्याकाळी तेलाच्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवला. रविवारी तुम्ही तो मिटाल, आकडा शून्यावर बसेल, तुम्ही वर बघाल, आणि मी म्हणेन, आता काही मिळवायचं नाही. सगळं मनात ठरवलं होतं. तुमचा चेहरासुद्धा ठरवला होता.

गुरुवारी आई आणि मी पिंपरी कॅम्पात साड्या घ्यायला गेलो. तुम्हाला घरात एकटं, निवांत वाटलं आणि रविवारची वाट न बघता तुम्ही मशीन चालू केलंत.

आम्ही परत येतो तर तुम्ही पार्किंगच्या पायरीवर बसलेले आहात. चाचा शेजारी उभे. तुमच्या एका हातात शाफ्ट, एका हातात बुश, आणि तुम्ही शाफ्ट बुशात घालून हलवताय, आणि तो हलतोय. खडखड असा बारीक आवाज येतोय. मला पिशव्या हातात असतानाच कळलं. कंपनीत असताना तुम्ही रोज सकाळी शून्य बघूनच काम सुरू करायचात, पण घरच्या मायक्रोमीटरचं शून्य बघायची तुम्हाला गरजच कधी पडली नव्हती; त्याचा स्वभाव तुम्हाला पाठ होता. तुम्ही नेहमीसारखे दोन मिळवलेत. तो खरं सांगत होता आणि तुम्ही त्यात दोन मिळवलेत, म्हणून शाफ्ट दोन थाऊ बारीक झाला.

"मिस्त्री, बुश नया मारते ना," चाचा म्हणत होते. "छोटा मारते. क्या टेन्शन लेताय इतका?"

"बुशाचा प्रश्न न्हाई," तुम्ही म्हणालात. "हाताचा प्रश्न हाय. दोनदा मोजलं मी. दोनदा. तरी कुठंतरी वाचायला चुकलो आन् कळलंसुदीक न्हाई." मग आईकडं बघून हसलात, ते हसू मला आजही नको वाटतं. "गेला हात माझा. चाळीस वर्षं पुरला, लई झालं."

मी म्हणायला हवं होतं. तिथंच, पिशव्या खाली टाकून. तोंड उघडलंही होतं. पण चाचा होते, शेजारच्या बाई फाटकातून बघत होत्या, आणि मला वाटलं, आत गेल्यावर सांगू. आत गेल्यावर तुम्ही पाणी मागितलंत आणि झोपलात. मी आईला मोरीपाशी गाठून सगळं सांगितलं. आई कितीतरी वेळ भांडं घासत राहिली. त्याच्या आदल्या महिन्यात तुम्हाला मशीनवर उभ्या उभ्या भोवळ आली होती, शर्टाची बाही लेथच्या फिरत्या चकात जाता जाता राहिली होती, ते तिनं एकटीनं बघितलं होतं. ती म्हणाली, "नको सांगू. आपणहून बंद करत्यात तर करू दे. बोटं तरी शाबूत राहतील. आत्ता कुठं जीव भांड्यात पडलाय माझा." दुसऱ्या दिवशी तुम्ही लेथला ग्रीस लावलंत, पांघरूण घातलंत, दोरीनं बांधलंत. दोरीची गाठसुद्धा मापात होती.

मग तुम्ही दीड वर्ष होता. सकाळी खुर्ची फाटकापाशी टाकून रस्त्याकडं तोंड करून बसायचात. चाचा यायचे, नव्या भंगाराची बातमी आणायचे, तुम्ही नुसते हूं म्हणायचात. विहाराच्या पोरांनी फाटकाची कडी करून मागितली तर म्हणालात, दुकानातून आणा, बाजारात चांगल्या मिळतात. बाजारात चांगल्या मिळतात! तुम्ही! आणि एका गुरुवारी ती लाकडी पेटी आणून माझ्या मांडीवर ठेवलीत. "तुझ्याकडं राहू दे. तुला मोजता येतं." मी पेटी घेतली. तेव्हाही सांगता आलं असतं. तेव्हा तर सगळ्यात सोपं होतं, पेटी उघडायची आणि मायक्रोमीटर मिटून तुमच्या हातात द्यायचा. मी थँक्यू म्हटलं, तुम्हाला, घरात, थँक्यू. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात तुमचा उजवा हात सारखा चादरीच्या कडेवर चाचपत असायचा, अंगठा आणि पहिलं बोट, जाडी बघितल्यासारखा. नर्स म्हणाली, होतं असं. मी तो हात धरून बसले आणि त्या हाताबद्दलसुद्धा बोलले नाही.

कधी कधी वाटतं, तुम्हाला कळलं होतं. फडक्याची घडी मी तुमच्यासारखी घातली नव्हती. मग वाटतं, ही माझी सोय आहे. कळलं असतं तर तुम्ही मला शिव्या घालून त्याच दिवशी मशीन चालू केलं असतंत.

तुमच्यानंतर पहिली गोष्ट मी काय केली, सांगते. चावी घेतली आणि मायक्रोमीटर परत दोन थाऊ मागं नेऊन ठेवला. आई बघत होती. पुढं वर्षभरानं पांघरूण काढलं. आता दर गुरुवारी खाली असते. कंपनीत वीस डिग्रीत बसून आकडे वाचणारी मी चाळिशीत लेथवर कीस काढायला शिकले. पहिल्या महिन्यात भाजलं, कापलं, तुमच्या ठोकळ्याचा एक कोपरा मी मोडला. चाचा येऊन खुर्चीवर बसतात आणि माझं काम बघून तोंड वाकडं करतात. "तेरे बाप के हाथ को चुप आवाज होता था," म्हणतात, "तेरा तो भांडण करताय लोखंडसे." खरं आहे. मी मशीनशी भांडते, मग मुद्दाम जोरात हात मारते, आणि टूल तुटतं.

तुमचं डिव्हायडिंग हेड पुरं करायचं ठरवलं. नवा शाफ्ट करणं सोपं होतं, ते मी करणार नव्हते. चाचांनी तेव्हा सांगितलं तेच, तुमच्या शाफ्टला बसेल असा लहान बुश करायचा. तीन बुश वाया घालवले, आप्पा. तिन्ही दोन थाऊ मोठे. शाफ्टाचं माप कंपनीच्या मशीनवरचं, भोकाचं तुमच्या मायक्रोमीटरवरचं, आणि कंपनीची सवय, आकडा सांगेल तेच खरं धरायचं. मी दोन मिळवायलाच विसरत होते. तिसऱ्या वेळी खाली मटकन बसले आणि इतकं हसू आलं की आई धावत जिना उतरली. तिला वाटलं मला लागलंय. गेल्या गुरुवारी चौथा बुश केला. खडूनं मशीनवरच लिहून ठेवलं होतं, दोन मिळव. तेलाचं बोट फिरवलं, शाफ्ट लावला, सरकला. सावकाश, श्वास सोडल्यासारखा आत गेला आणि कुठंच हलला नाही. तेल पुसून बघितलं, अडकला. अगदी तुम्ही म्हणाला होतात तसा. आज त्याची जोडणी करायची, चार बोल्ट आहेत फक्त, आणि मी सकाळपासून जिना चढते आणि उतरते.

कारण वर लिहिलं ते मी आत्ता परत वाचलं, आणि ते दोन कमी सांगतंय.

एक. त्या गुरुवारनंतर शुक्रवारी सकाळी मी तुमचा शाफ्ट भंगाराच्या डब्यातून काढून चाकणला नेला होता. आमच्या मशीनवर बारा ठिकाणी मोजला. पुढं, मागं, मध्ये, फिरवून. सगळीकडं सारखाच दोन थाऊ कमी. कुठं केसभर जास्त नाही, कुठं केसभर निमुळता नाही. हात गेलेल्या माणसाला असं चुकता येत नाही, आप्पा. काचेच्या खोलीतल्या कुठल्याही मुलाला मी तुमचा लेथ देऊन उभं केलं तरी असा शाफ्ट निघायचा नाही. बारा आकड्यांचा तो कागद मी छापून घेतला. तुम्ही खुर्ची टाकून रस्त्याकडं बघत बसला होता ते सगळं दीड वर्ष तो घरातल्या माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होता. अजून आहे. हे आईला माहीत नाही. सगळं तिच्या भोवळीच्या भीतीवर ढकलून मी मोकळी झाले होते.

दोन. हे लिहायला जास्त जड जातंय. पांघरूण घातल्यानंतर तुम्ही मला विचारायला लागला होता. खिडकीचा गज किती जाडीचा असेल गं, नळाचा आटा कुठल्या मापाचा, तुझ्या मशीनवर बघून सांग. मी संध्याकाळी येऊन आकडा सांगायचे आणि तुम्ही मान डोलवायचात, एकदाही हुज्जत नाही, एकदाही घास खाली ठेवला नाही. मला ते आवडत होतं.

आई हाक मारतेय, जेवायला ये म्हणतेय. मी पाच मिनिटं म्हणून सांगितलं आहे. ही पानं फाडून पेटीत, मायक्रोमीटरच्या खाली ठेवते. चार बोल्ट आज लावत नाही. आधी आईला तो कागद दाखवायचा आहे, आणि मला अजून खाली बसवत नाही.